रोग्याची जबानी हिशेबात धरा



प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी. उतारवयात तिला कर्करोग होऊ शकतो. घरात हा रोग निघाला की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, माणूस वाचेल का? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. वाचलेला माणूस पुढची वर्षे कशी काढणार, हेही विचारले पाहिजे.

ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाची चाचणी झाली. रोग ग्रंथीबाहेर न गेलेल्या १,६४३ पुरुषांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट केले. एका गटाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला रेडिएशन आणि तिसऱ्यावर नुसते लक्ष. २०२३ साली १५ वर्षांचा निकाल आला. तिन्ही गटांत या रोगाने दगावलेले शेकडा तीनच्या आसपासच होते. लक्ष ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र सुमारे दुप्पट होते.

मग फरक कुठे पडला? तो रोग्यांनी स्वतः भरून दिलेल्या प्रश्नपत्रिकांतून कळला. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटातले ४६ टक्के पुरुष लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते. रेडिएशनच्या गटात ५ टक्के, लक्ष ठेवलेल्यांत ४ टक्के. शरीरसंबंधाची ताकदही शस्त्रक्रियेने सर्वांत जास्त घटली. रेडिएशनवाल्यांना शौचाचा त्रास झाला. हे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. ते रोगीच सांगू शकतो.

पण सर्वच संशोधक ही जबानी नीट मांडतात का? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या रोगावरच्या ६५ चाचण्या तपासल्या. डॉक्टरांनी निर्णयासाठी भरवसा ठेवावा अशा फक्त १३ निघाल्या. किती उत्तरे आली नाहीत हे बहुतेकांनी लिहिले होते. रोगी मध्येच का गळाले हे ३५ टक्के चाचण्यांनीच सांगितले.

हिशेब लिहिणाऱ्या आम्हा कारकुनांना यातली गोम लगेच कळते. रकाना कोरा सोडला म्हणजे तिथे शून्य होत नाही. उत्तर न देणारा कदाचित सर्वांत जास्त त्रासलेला असेल. त्याला वगळून काढलेली सरासरी गोड दिसते, खरी नसते. म्हणूनच २०१३ साली रोग्यांची जबानी कशी छापावी याचे आंतरराष्ट्रीय नियम आले. त्यांत कोरे रकाने कसे हाताळले हे सांगा, असेही बजावले आहे.

आमचे सांगणे एवढेच. उपचार ठरवताना डॉक्टरांना विचारा : लघवी, शौच आणि संसार यांवर काय परिणाम होईल? किती दिवस राहील? आणि बंधूंनो, त्रास झाला तर लाजून गप्प बसू नका. रात्री भिजलेले अंथरूण गुपचूप धुणाऱ्या घरच्या बाईला सगळे ठाऊक असते. डॉक्टरांच्या कागदावर मात्र तुम्ही सांगाल तेवढेच येते.