दाढ दुखली की तंबाखू

गडचिरोली जिल्ह्यात दाढ दुखू लागली की सर्वांत जवळचे औषध पानठेल्यावर मिळते, किंवा घरातच डबीत असते. बायका बोटावर नस (तंबाखूची पूड) घेऊन हिरड्यांना घासतात, पुरुष खर्ऱ्याची चिमूट दुखऱ्या दाढेशी दाबून धरतात. थोडा वेळ ठणका बधिर होतो. पश्चिम महाराष्ट्रात मिश्रीचे जे झाले तेच इथे नशीचे झाले. दात घासायला किंवा दुखणे थांबवायला म्हणून ती तोंडात आली आणि दुखणे गेल्यावरही तोंडातच राहिली. तंबाखूची सवय कशी लागली, असे बायकांना विचारले की दातांचे कारण पुढे येते, हे या विषयावर काम करणाऱ्यांनी वारंवार नोंदवले आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी केली, तीही देशभर तंबाखूकडे दात साफ करण्याचे साधन म्हणून पाहिले जात होते म्हणूनच. बंदीनंतर मंजनांच्या डब्यांवरचा मजकूर बदलला. तंबाखू दाताला चांगली ही समजूत मात्र जागची हलली नाही. सरकारी कामात दंतआरोग्य आणि तंबाखूनियंत्रण यांचे कार्यक्रम, अंदाजपत्रके आणि भिंतीवरची पत्रके वेगवेगळी असतात. माझे म्हणणे असे की गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. न उपचारलेली दाढ माणसाला तंबाखूकडे नेते आणि तंबाखू उरलेले दात घालवते. यातल्या एकाच टोकाला धरून केलेले काम दुसऱ्या टोकाने निसटते.

हे चक्र कसे फिरते ते तपशिलाने पाहायला हवे, कारण 'तंबाखू वाईट' एवढे सांगून कोणाचेच भागत नाही. तंबाखूची गोळी ज्या जागी रोज ठेवली जाते तिथली हिरडी हळूहळू खाली सरकते. दाताच्या वरच्या भागाला कठीण एनॅमलचे कवच असते, मुळाला ते नसते. हिरडी सरकून मूळ उघडे पडले की थंड पाणी झोंबते, आंबट झोंबते, ब्रश लागला तरी कळ जाते. मग ती कळ बधिर करायला पुन्हा तीच चिमूट. खर्ऱ्यात भर सुपारीची. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून बनवलेला खर्रा दिवसभर चघळला जातो. सुपारीच्या कठीण कणांनी दातांच्या माथ्यांची झीज होते आणि चुन्याने तोंडाचे आतले अस्तर भाजते. सुपारी एकटी, तंबाखूशिवायसुद्धा, कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केले. कर्करोगाआधीची पायरी म्हणजे तोंडाचे आतले अस्तर ताठ होत जाणे. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर ती अवस्था आली असे समजावे. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले गेले, तेव्हा त्यांतल्या साडेसात टक्क्यांहून अधिक लोकांना कर्करोग झाला. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. त्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही, म्हणून मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचत नाही, दंतवैद्याचे अवजारही पोचत नाही. किडलेली दाढ भरता येत नाही आणि काढणेही कठीण होते. कर्करोग झाला नाही तरी दात जातातच.

आपल्याकडे तंबाखू मुख्यतः तोंडातच ठेवली जाते, हे महाराष्ट्राचे आकडे दाखवतात. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले 3.8 टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढत होते, तर 24.4 टक्के चघळण्याची किंवा लावण्याची तंबाखू वापरत होते. आपली तंबाखू फुप्फुसाच्या कितीतरी आधी हिरडीला भिडते. तरीही पाकिटावरच्या चित्रात कर्करोगाची गाठ दिसते, सरकलेली हिरडी कधीच दिसत नाही. कर्करोग वीस वर्षांनी होईल किंवा होणारही नाही, असे तरुण माणूस मनाशी म्हणतो. हिरडी मात्र आजच आरशात दिसते. विशीतल्या मुलाला हसताना तोंडावर हात का धरावा लागतो, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तंबाखूविरोधी प्रचाराने या लाजेचा उपयोग करावा की नाही याबद्दल मी साशंक आहे. पण आज दिसणारी हानी दाखवणे उद्याच्या भीतीपेक्षा परिणामकारक ठरेल, असे मला वाटते.

तंबाखू नसती तरी हिरड्यांचे दुखणे असतेच, हे मान्य करायला हवे. 1965 मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर हे कारण, आणि तो रोज काढणे हा उपाय, हे तेव्हापासून पक्के झाले. म्हणून हिरडीतून रक्त आले की ब्रश बंद करायचा, ही आपल्याकडची सवय उलटी आहे. रक्त येते तिथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने, अधिक काळजीने घासायला हवे. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे सकाळच्या घासण्यापेक्षा महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते. पेस्ट थुंकावी, पण लगेच खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ टिकते. कडुनिंबाचे किंवा करंजाचे दातवण नीट चावून कुंचल्यासारखे केले तर तो थर चांगला निघतो, आणि ज्या घरात ब्रशचा खर्च जड जातो तिथे दातवणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याची उणीव एवढीच की त्यात फ्लोराइड नसते, त्यामुळे कीड रोखण्यात ते कमी पडते. लो यांनीच पुढे श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या 480 मजुरांचा पंधरा वर्षे अभ्यास केला. त्यांना दंतवैद्य असा कधी भेटलाच नव्हता आणि दात घासण्याची रीतही नव्हती. तरीही सुमारे आठ टक्क्यांचीच दातांभोवतीची हाडे झपाट्याने झिजली, बहुतेकांची संथपणे आणि अकरा टक्क्यांची जवळजवळ नाहीच. जिथे डॉक्टर कमी आहेत तिथल्या नियोजनासाठी ही आशादायक गोष्ट आहे. सगळ्यांना खुर्चीवर बसवायची गरज नसते, बहुतेकांना रोजची सवय पुरते आणि थोड्यांना वेळेवर ओळखावे लागते. तंबाखूमुळे मात्र हे गणित बिघडते, संथ झिजणाऱ्यांतले अनेक जण झपाट्याने झिजणाऱ्यांत जाऊन पडतात.

'सुंदर हास्य' या नावाने वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात दात पांढरे करण्याच्या उपायांची रेलचेल असते. इथल्या दातांवरचे डाग दोन प्रकारचे. खर्ऱ्याचे तांबूस-काळे डाग पृष्ठभागावर असतात आणि दंतवैद्याने साफ केले की निघतात, पण खर्रा सुरू राहिला तर ते परत येतात. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तिथे मुलांच्या पक्क्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे येतात. ते दात हाडात घडत असतानाच पडलेले असतात, साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत. ते पुसायला राखुंडीने किंवा कोळशाने घासले तर डाग राहतो आणि एनॅमल जाते. त्यावरचा खरा उपाय पाण्यात आहे. प्रति लिटर दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी मुलांना पाजायचेच नाही, मग पेस्टचा प्रश्न दुय्यम ठरतो. बाकी पांढरेपणाच्या जाहिराती सोडून द्याव्यात. निरोगी दात किंचित पिवळसरच असतो.

आता सोयींकडे वळू. गडचिरोलीहून भामरागड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, सिरोंचा दोनशेच्या पुढे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. विदर्भाचे जुने शासकीय दंत महाविद्यालय नागपुरात. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, म्हणजे दंतवैद्यांचा तुटवडा नाही, ते शहरांत दाटीने बसले आहेत. त्यांना एटापल्ली-कोरचीत पाठवण्याच्या घोषणा कितीही केल्या तरी पुढच्या दहा वर्षांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात खुर्ची, कॉम्प्रेसर आणि डॉक्टर येतील, असे मानणे भाबडेपणाचे. पण तेवढे लागतही नाही. 1980 च्या दशकात टांझानियात अशी पद्धत विकसित झाली की ज्यात वीज आणि ड्रिल लागत नाही. हाताच्या अवजाराने कीड खरवडायची आणि ग्लास आयनोमर सिमेंट भरायचे. दुसरे औषध सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. थेंबभर लावले की कीड थांबते, फक्त ती जागा काळी पडते. पुढच्या दाताला लावायचे असेल तर आईबापांना हे आधी सांगावे लागते, आणि मुलीच्या बाबतीत त्यांनी नको म्हटले तर त्यात अडाणीपणा काही नाही. मागच्या दाढांना मात्र काळा पण शाबूत दात केव्हाही चांगला. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टसह ही तिन्ही साधने जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. तंबाखूची चिमूट ज्या ठणक्यावर बसते, तो ठणकाच मुळात उठू न देण्याची ही साधने आहेत.

हे कोणी करायचे, यावर दंतवैद्यांच्या संघटनांचा आक्षेप ठरलेला असतो, की अर्धशिक्षित हातांत लोकांची तोंडे देऊ नयेत. आक्षेप अगदीच पोकळ नाही. चुकीची दाढ काढली किंवा कर्करोगाची जखम साधी समजली तर नुकसान मोठे. म्हणून दात काढणे आणि निदान डॉक्टरकडेच राहावे. पण सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा लेप लावणे, तोंड किती उघडते ते मोजणे, पांढरा चट्टा दिसला तर पुढे पाठवणे यांसाठी पाच वर्षांची पदवी लागत नाही. डेंटल हायजिनिस्ट हा वर्ग 1948 च्या दंतवैद्यक कायद्यापासूनच आहे, सरकारांनी त्याची पदे खेड्यात भरली नाहीत इतकेच. आणि गडचिरोलीत तरी या आक्षेपाला उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने इथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला आणि जंतुदोष ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे घरोघरी नवजात काळजी देशभरातल्या आशा सेविकांच्या कामाचा भाग झाली. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी तान्ह्या बाळाचा जीव वाचवला, त्यांच्या हाती दाढेवर थेंब टाकण्याचे काम देताना हात आखडावा हे पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या भागात हिवताप आहे, सिकलसेल आहे, कुपोषण आहे, तिथे दात ही चैन नव्हे काय? फिलिपिन्समध्ये कमी वजनाच्या मुलांच्या पार किडलेल्या, पू झालेल्या दाढा काढल्या तेव्हा त्यांचे वजन वाढले, असे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दुखऱ्या दाढेचे मूल कमी खाते आणि नीट झोपत नाही. कुपोषणाच्या यादीत दाढेला जागा नाही, हीच चूक. त्याच देशात सरकारी शाळांमध्ये मुले रोज एकत्र रांगेत फ्लोराइड पेस्टने दात घासतात, हात धुतात आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी घेतात. हे आपल्याकडे सगळ्यात सोपे कुठे होईल, तर आश्रमशाळेत. मुले तिथेच राहतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. गडचिरोली, अहेरी आणि भामरागड असे आदिवासी विकासाचे तीन प्रकल्प या जिल्ह्यात आहेत. रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटे दात घासणे हा वसतिगृहाच्या वेळापत्रकाचा भाग करायला नव्या इमारतीची गरज नाही. सहावी-सातवीत पोचलेल्या मुलाच्या खिशात पहिला खर्रा येण्याआधी चार वर्षे ही सवय लागलेली असेल. दाढ दुखणार नाही, तेव्हा निदान त्या निमित्ताने तरी तंबाखू तोंडात जाणार नाही.

तिसरा आक्षेप पानठेलेवाल्यांचा आणि रोवणीच्या, तेंदूपत्त्याच्या मजुरांचा. खर्ऱ्याने भूक मरते, श्रम झेपतात, आणि ठेल्यावर एक घर चालते. यातले पहिले अर्धसत्य आहे. भूक मरते म्हणजे पोट भरत नाही, आणि चाळिशीतच दाढा गेलेल्या माणसाला मऊ भाताशिवाय दुसरे काही चावता येत नाही. ठेल्याच्या पोटापाण्याचा प्रश्न खरा आहे आणि नुसत्या छाप्यांनी तो सुटत नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पुढे ती सुगंधित तंबाखूवरही आली, तरी खर्रा घोटला जातोच. पुरवठा अडवणे आवश्यक आहे, पण दाढेचे दुखणे तसेच ठेवून पुरवठा अडवला तर माणूस दुसऱ्या गावच्या ठेल्यावर जातो. तंबाखू सोडलेल्या माणसाची दाढ पुन्हा ठणकते, तेव्हा त्याच्यासमोर दुसरा पर्याय असावा लागतो. जिल्ह्यात राज्य सरकार आणि 'सर्च' यांच्या पुढाकाराने 2016 पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी काम गावोगावच्या समित्यांमार्फत सुरू आहे. गावात माणसे जमवण्याची यंत्रणा म्हणजे आयती आहे, तिला दातांच्या उपचाराची जोड हवी.

सुरुवात फुकट होऊ शकते. तंबाखूच्या प्रत्येक सर्वेक्षणात 'पहिल्यांदा का घेतली' या प्रश्नाखाली 'दातदुखी' असा एक पर्याय छापावा. दंततपासणीच्या प्रत्येक शिबिरात तोंड किती बोटे उघडते आणि तंबाखू कोणत्या बाजूला ठेवता, हे नोंदवहीच्या दोन रकान्यांत लिहावे. एका वर्षाच्या नोंदी हाती आल्या की कोणत्या तालुक्यात आधी लेप आणि सिमेंट पाठवायचे हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळेल, आणि ते मुंबईला विचारावे लागणार नाही.