गोलरक्षकाचा झाला सेंटर!

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून बरोब्बर 10 फूट उंचीवर असते. शाळेच्या मैदानावर पोलखाली उभं राहून वर पाहिलंत, की ही उंची चांगलीच जाणवते. या रिंगच्या आसपास वावरणारा जो सर्वांत उंचापुरा गडी असतो, त्याला म्हणतात सेंटर. समोरच्याचा बास्केट अडवायचा, हुकलेला चेंडू उडी मारून ताब्यात घ्यायचा (याला रिबाउंड म्हणतात) आणि दोन-दोन धटिंगण अंगावर रेलत असताना त्यांच्यातून वाट काढून बास्केट करायचा, ही त्याची कामं. काम तसं धसमुसळंच! त्यामुळे सेंटर म्हटलं की पहाडासारखा, जरा जड पावलांचा माणूस डोळ्यांसमोर येतो.

आज ज्याची ओळख करून घेणार आहोत, त्या सेंटरची पावलं मात्र नर्तकाची होती. त्याचं नाव हकीम ओलाजुवॉन.

हकीमचा जन्म 21 जानेवारी 1963 चा, आफ्रिकेतल्या नायजेरिया देशातला. लागोस हे त्याचं गाव, तेव्हाची नायजेरियाची राजधानी. आई-वडिलांचा सिमेंटचा व्यवसाय होता. घरात शिस्त कडक. मुलगा उंच वाढला, पण बास्केटबॉल खेळायला नाही हं! तो खेळायचा फुटबॉल आणि हँडबॉल. फुटबॉलमध्ये तर तो गोलरक्षक होता. वयाची पंधरा वर्षं उलटली, तरी बास्केटबॉलशी त्याची गाठ पडली नव्हती.

पुढे शाळेच्या संघाला एका स्पर्धेसाठी उंच मुलगा हवा होता, म्हणून हकीमला बास्केटबॉलच्या मैदानावर ओढून आणलं. त्या वेळची एक गंमत सांगतात. चेंडू रिंगमध्ये वरून कसा ठासायचा (म्हणजे डंक कसा करायचा), हे दाखवायला प्रशिक्षक खुर्चीवर चढून उभे राहिले. त्यांचं झाल्यावर हकीमही निमूटपणे त्याच खुर्चीवर चढायला लागला! त्याला वाटलं, हा खेळ असाच खेळतात. "अरे बाबा, तू जमिनीवरूनच उडी मारायची," असं त्याला समजावून सांगावं लागलं. आणि सुरुवातीला त्याला ते जमलंही नाही.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या उशिरा सुरुवात केल्यावर तो मागे पडला असणार. पण इथेच तर खरी मौज आहे. फुटबॉलचा गोलरक्षक काय करतो? समोरचा खेळाडू चेंडू नक्की कुठे मारणार, याचा अंदाज येईपर्यंत तो दम धरतो आणि मग झेप घेतो. घाई केली की फसला. बास्केटबॉलमध्ये फेकलेला चेंडू अडवायचा तो नेमका असाच. शिवाय नियम असा आहे, की चेंडू एकदा रिंगच्या दिशेने खाली यायला लागला की त्याला हात लावायचा नाही. लावला तर बास्केट झाला असं धरून गुण दिले जातात. म्हणजे चेंडू वर जात असतानाच त्याला गाठायचं. यासाठी मिळतो डोळ्याची पापणी लवायला लागावा एवढाच वेळ! हँडबॉल आणि गोलरक्षणामुळे हकीमची नजर, हात आणि पाय या कामाला आधीच तयार झाले होते. कुणी मुद्दाम ठरवूनसुद्धा याहून चांगली तयारी करून घेतली नसती.

1980 साली तो अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठात शिकायला गेला. खूप कौतुकाने स्वागत झालं असेल ना? छे! विमानतळावर घ्यायलाही कोणी आलं नव्हतं. फोन केला, तर टॅक्सी करून ये म्हणाले. प्रशिक्षक गाय लुईस यांनी पहिलं वर्षभर त्याला एकाही सामन्यात उतरवलं नाही. नुसता सराव. उन्हाळ्यात तो ह्यूस्टनच्याच एका सार्वजनिक व्यायामशाळेत जायचा. तिथे खेळायला यायचा मोझेस मलोन, त्या काळातला अमेरिकेतला सर्वोत्तम सेंटर. रोज त्याचे धक्के खात, आपटत, उठत हकीम शिकत गेला. मला विचाराल तर विद्यापीठाच्या वर्गापेक्षा हा वर्ग जास्त कामाला आला.

लुईस यांनीच त्याला टोपणनाव दिलं, 'ड्रीम'. तो इतक्या सहज डंक करायचा की पाहणाऱ्याला स्वप्नच वाटावं. (त्याचं खरं नावही तेव्हा लोक 'अकीम' असं लिहीत. 1991 मध्ये त्याने ते दुरुस्त करून 'हकीम' केलं. आपल्याकडे हकीम म्हणजे युनानी वैद्य. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शहाणा, ज्ञानी माणूस.)

ह्यूस्टनचा संघ मोठा जबरदस्त होता. क्लाइड ड्रेक्सलर हा हकीमचा जोडीदार. 1982, 83 आणि 84 अशी लागोपाठ तीन वर्षं हा संघ देशातल्या शेवटच्या चार संघांत पोहोचला. 1983 च्या अंतिम सामन्यात समोर होता नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा संघ. ह्यूस्टन जिंकणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. शेवटचे काही क्षण उरले, गुण 52-52. समोरच्या खेळाडूने लांबून मारलेला चेंडू रिंगपर्यंत पोहोचलाच नाही. तो हवेतच त्याच्या सहकाऱ्याने पकडला आणि रिंगमध्ये ठासला. 54-52. खेळ खलास! स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बक्षीस मिळालं हकीमला, पण हरलेल्या संघाच्या खेळाडूला त्या बक्षिसाचं काय सुख? पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार. या वेळी जॉर्जटाउन विद्यापीठाकडून, आणि त्यांचा सेंटर होता पॅट्रिक युइंग. हे नाव जरा लक्षात ठेवा.

1984 मध्ये हकीम व्यावसायिक खेळाडू झाला. अमेरिकेत एनबीएचे संघ नव्या खेळाडूंना पाळीपाळीने निवडतात. पहिली पाळी होती ह्यूस्टन रॉकेट्सची. त्यांनी आपल्याच गावात वाढलेल्या हकीमला उचललं. त्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर कोण निवडला गेला माहीत आहे? मायकेल जॉर्डन! दुसऱ्या क्रमांकावर पोर्टलंडने सॅम बोवी या सेंटरला घेतलं, आणि जॉर्डनला सोडल्याबद्दल लोक आजही पोर्टलंडला नावं ठेवतात. ह्यूस्टनला मात्र कुणी बोल लावत नाही. यातच काय ते आलं.

रॉकेट्समध्ये 7 फूट 4 इंच उंचीचा राल्फ सॅम्पसन आधीपासून होता. या दोघांना 'जुळे मनोरे' म्हणत. 1986 मध्ये त्यांनी संघाला अंतिम फेरीत नेलं, पण बोस्टन सेल्टिक्सने 4-2 असं हरवलं. मग सॅम्पसन दुखापतींनी बेजार झाला, दुसऱ्या संघात गेला, आणि सगळा भार एकट्या हकीमवर आला. 29 मार्च 1990 ला मिलवॉकीविरुद्ध त्याने काय केलं पाहा: 18 गुण, 16 रिबाउंड, 10 वेळा सहकाऱ्यांना बास्केटसाठी पास आणि 11 वेळा समोरच्याचा फटका अडवला. चारही रकाने दोन आकड्यांत! एनबीएच्या अधिकृत नोंदींत असं फक्त चौघांना जमलंय.

पण संघ काही जिंकेना. 1992 मध्ये तर मोठंच भांडण झालं. हकीम म्हणे पाय दुखावलाय, क्लब म्हणे तू ढोंग करतोस. त्याला काही सामने बाहेर बसवलं. तो संघ सोडायला निघाला. त्याच वर्षी पुढल्या मोसमाचे सामने खेळायला संघ जपानला गेला. त्या लांबलचक विमानप्रवासात हकीम आणि संघाचे मालक शेजारी बसून बोलले, आणि गाडी रुळावर आली. हकीम तेव्हा ह्यूस्टन सोडून गेला असता, तर पुढची गोष्ट सांगायलाच मिळाली नसती!

आता आलं 1994 साल. अंतिम फेरीत न्यूयॉर्क निक्स. आणि त्यांचा सेंटर कोण? तोच तो पॅट्रिक युइंग! दहा वर्षांपूर्वीचा हिशेब बाकी होता. सातपैकी चार सामने जिंकायचे. पाच सामन्यांनंतर न्यूयॉर्क 3-2 ने पुढे. सहाव्या सामन्यात ह्यूस्टन 86-84 ने आघाडीवर, शेवटचे काही सेकंद, आणि चेंडू न्यूयॉर्कच्या जॉन स्टार्क्सकडे. लांबून मारलेला बास्केट तीन गुणांचा असतो, म्हणजे हा पडला तर न्यूयॉर्क विजेते. स्टार्क्सने उडी मारली, चेंडू हातातून सुटला... आणि हकीमचं बोट चेंडूला ओझरतं लागलं. चेंडू रिंगपर्यंत गेलाच नाही. लागोसच्या गोलरक्षकाने गोल वाचवला होता! सातवा सामना ह्यूस्टनने 90-84 असा जिंकला. त्या वर्षी मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू, असे तिन्ही मान हकीमलाच मिळाले. एकाच मोसमात हे तिन्ही मिळवणारा तो एकटाच.

1995 ची कथा तर मला याहूनही आवडते. मधल्या काळात जुना दोस्त ड्रेक्सलर रॉकेट्समध्ये येऊन मिळाला होता. तरी संघ पश्चिम विभागात सहावा. इतक्या खालून येऊन आजवर दुसरं कोणीही विजेतं झालेलं नाही. यूटाविरुद्ध 2-1 ने मागे, तरी जिंकले. फीनिक्सविरुद्ध 3-1 ने मागे, तरी जिंकले. मग समोर आला सॅन अँटोनियोचा डेव्हिड रॉबिन्सन, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. त्याला त्याचा चषक हकीमच्या डोळ्यांदेखत देण्यात आला. झालं! सहा सामन्यांत हकीमने सरासरी 35 गुण काढले आणि रॉबिन्सनला अक्षरशः गरगर फिरवलं. अंतिम फेरीत होता ऑर्लँडोचा 23 वर्षांचा, अगडबंब शकील ओ'नील. त्यालाही 4-0.

याच वर्षी 1 फेब्रुवारीला रमजान सुरू झाला. हकीम रोजे पाळायचा. पहाटे खजूर आणि भरपूर पाणी, मग सूर्य मावळेपर्यंत काही नाही. सामना दुपारी असला तर तहानेने घसा कोरडा पडला तरी पाण्याचा थेंब नाही. त्या फेब्रुवारीतला महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून एनबीएने निवडलं, ते हकीमलाच.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट. त्या काळात नामवंत खेळाडूंच्या नावाचे बूट शंभर-शंभर डॉलरच्या वर विकले जात. अमेरिकेत ते बूट हिसकावण्यासाठी मुलांवर हल्ले होत, खूनही झाले. हकीमने आपलं नाव दिलं ते साधारण 35 डॉलरच्या बुटांना. गरिबाघरच्या आईला तीन मुलं असली तर तिने काय करायचं, हा प्रश्न त्याला पडत असे.

1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये अमेरिकेतर्फे सुवर्णपदक (1993 मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला होता), शेवटचा एक मोसम टोरांटोकडून, आणि 2002 मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे निवृत्ती. कारकिर्दीत त्याने अडवलेले फटके 3,830. एनबीएमध्ये ही मोजणी 1973 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून इतके फटके कुणीच अडवलेले नाहीत.

निवृत्तीनंतर कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स असे मोठमोठे खेळाडू त्याच्याकडे जाऊन एक गोष्ट शिकून आले. तीच ती, रॉबिन्सनला फिरवणारी. तिला 'ड्रीम शेक' म्हणतात. कबड्डीत चढाई करणारा जशी हूल देतो, तसाच हा प्रकार. तुम्हीही करून पाहा. रिंगकडे पाठ करून चेंडू दोन्ही हातांत घ्या. एक पाय जमिनीला खिळवून ठेवा. आता डावा खांदा असा झुकवा, की मागचा गडी डावीकडे कलायलाच हवा. तो कलला की उजवीकडे गिरकी घ्या. तरीही तो आडवा आला, तर फेकायचं सोंग करा. तो उडी मारेल. तो हवेत असताना त्याच्या बगलेखालून वाकून पुढे निघा आणि बास्केट करा. मात्र तो खिळवलेला पाय उचलून, चेंडू हातात असतानाच पुन्हा टेकवलात, तर पंचांची शिट्टी वाजलीच म्हणून समजा!