विश्लेषण : मराठीत बरोबर, इंग्रजीत चूक! एका स्वल्पविरामामुळे अर्ज ‘कच्चा’ का ठरतो?

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला चारठाण्याहून चुलतभावाचा मेसेज आला. ‘ताई, एवढं इंग्लिश बघून दे ना, उद्या सकाळी पाठवायचंय.’ खाली नोकरीच्या अर्जाचा मजकूर होता. चाकणच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये जागा निघाली आहे. अर्जाची सुरुवात अशी होती :

‘आय अ‍ॅम फ्रॉम चारठाणा, आय कम्प्लिटेड माय बी.एस्सी. इन २०२३, आय नो टॅली अँड एक्सेल, आय कॅन जॉइन इमिजिएटली.’

स्पेलिंग एकही चुकलेलं नव्हतं. काळ बरोबर, क्रियापदं बरोबर. तरीही रोज इंग्रजी मेल वाचणारा माणूस पहिल्याच ओळीला मनात म्हणेल, ‘याचं इंग्रजी कच्चं आहे.’ कारण फक्त तीन स्वल्पविराम. चार पूर्ण वाक्यं त्यानं तीन स्वल्पविरामांनी एकमेकांना चिकटवली होती. इंग्रजीत या चुकीला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात.

ती चूक मी लगेच ओळखली, कारण अनेक वर्षं मीही तीच करत होते. चार वर्षं इंजिनीअरिंग केलं, ढीगभर रिपोर्ट आणि जर्नलं लिहिली, कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. पहिल्या नोकरीत टीम लीडनं माझी मेल परत पाठवली. वर एवढंच लिहिलेलं : ‘प्लीज चेक युअर सेन्टेन्सेस.’ मी तीनदा स्पेलिंग तपासलं. काय तपासायचं होतं, ते कळायला पुढे सहा महिने गेले. आधी वाटलं, आपण मराठी शाळेतले, आपल्याला इंग्रजी येतच नाही. खरं कारण वेगळंच होतं. मला मराठी नीट येत होती.

नेमकी चूक कोणती?

एक साधं वाक्य घ्या. ‘द बस वॉज लेट, आय मिस्ड द एक्झाम.’ स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम ठेवून बघा. ‘द बस वॉज लेट.’ हे स्वतःच्या पायावर उभं आहे. ‘आय मिस्ड द एक्झाम.’ हेही उभं आहे. दोन्ही बाजूंना कर्ता आहे, क्रियापद आहे आणि अर्थ पूर्ण होतो. अशा दोन वाक्यांना जोडायला इंग्रजीत नुसता स्वल्पविराम पुरत नाही. ओळखण्याची चाचणी एवढीच. विल्यम स्ट्रंक यांच्या १९१८ सालच्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ या छोट्या पुस्तकातही हा नियम स्पष्ट दिलेला आहे.

आता हेच मराठीत म्हणा. ‘बस उशिरा आली, माझी परीक्षा हुकली.’ कानाला काही खटकलं? नाही खटकणार. आपली म्हणच आहे, ‘गरज सरो, वैद्य मरो.’ दुसरी, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’ दोन-दोन वाक्यं, मध्ये फक्त एक स्वल्पविराम, आणि त्यातच सगळा ठसका. ‘गरज सरो आणि त्यानंतर वैद्य मरो’ असं कुणी म्हटलं तर म्हणीचा जीवच जाईल.

मग इंग्रजीलाच एवढा त्रास का?

माझ्या मते उत्तर क्रियापदाच्या जागेत आहे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं. ‘मी सरपंचांना भेटले, तलाठी रजेवर होते.’ ‘भेटले’ म्हटलं की दार बंद झालं. वाचणाऱ्याला कळतं की हे वाक्य संपलं, आता पुढचं. शिवाय ‘सरपंचांना’मधला ‘ना’ प्रत्यय सांगतो की भेट कुणाची झाली. तलाठ्यांना तो प्रत्यय नाही, म्हणजे त्यांचं काही वेगळं चाललंय.

इंग्रजीत लिहा : ‘आय मेट द सरपंच, द तलाठी वॉज ऑन लीव्ह.’ इथे क्रियापद मध्ये आहे आणि भेटलेला माणूस त्याच्यानंतर. स्वल्पविराम आला, पुढे ‘द तलाठी’ आलं, की वाचणाऱ्याला वाटतं यादी सुरू झाली : सरपंच भेटले, तलाठी भेटले, आता ग्रामसेवक येणार. मग अचानक ‘वॉज ऑन लीव्ह’ येतं आणि तो अडखळतो. मागे जाऊन पुन्हा वाचतो. अर्ज वाचणाऱ्याकडे असे शेकडो अर्ज असतात. दोनदा मागे जावं लागलं की तो तिसऱ्यांदा जात नाही.

चारठाण्याच्या जुन्या दगडी देवळांच्या आसपास लहानपण गेल्यामुळे मला हे असं समजतं : हेमाडपंती बांधणीत दगड चुन्यानं जोडत नाहीत, खाचा पाडून एकमेकांत बसवतात. मराठी वाक्यांना प्रत्यय आणि शेवटचं क्रियापद यांच्या खाचा आहेत. इंग्रजीनं आपले बहुतेक प्रत्यय केव्हाच गमावले. तिला चुना लागतो.

गंमत म्हणजे स्वल्पविराम मुळात आपला नाहीच. मोडीत शब्द तोडून लिहायची रीत नव्हती, तिथे विरामचिन्हं कुठून येणार? मराठीत ती रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५०चं. इंग्रजीकडून चिन्ह घेतलं, आपल्या बोलण्याच्या लयीप्रमाणे वापरलं आणि आता तीच लय इंग्रजीत परत नेतोय, असा हा पावणेदोनशे वर्षांचा फेरा आहे.

दुरुस्ती कशी करायची?

सगळ्यात सोपा उपाय पूर्णविराम. ‘द बस वॉज लेट. आय मिस्ड द एक्झाम.’ छोटी वाक्यं म्हणजे कमी इंग्रजी येतं, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. तो सोडून द्या. बहुतेक फोनच्या कीबोर्डवर इंग्रजी टाइप करताना स्पेस दोनदा झटपट दाबली की पूर्णविराम आपोआप येतो आणि पुढचं अक्षर कॅपिटल होतं. स्वल्पविराम शोधायला अंगठा जातो, त्याहून हे कमी कष्टाचं.

दुसरा उपाय स्वल्पविराम ठेवून त्याच्यापुढे जोडशब्द घालायचा. ‘द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द एक्झाम.’ या कामाचे जोडशब्द इंग्रजीत सातच आहेत : फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. तिसरा उपाय एका वाक्याला दुसऱ्याच्या हाताखाली देण्याचा. ‘बिकॉज द बस वॉज लेट, आय मिस्ड द एक्झाम.’ आता ‘बिकॉज द बस वॉज लेट’ एकटं उभं राहत नाही, म्हणून स्वल्पविराम चालतो. दहावीला ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’मध्ये ‘मेक इट कॉम्प्लेक्स’, ‘मेक इट कंपाउंड’ असे प्रश्न आपण पाठ करून सोडवले. ते हेच होतं. फक्त ते स्वतःच्या लिहिण्यासाठी आहे, हे कुणी सांगितलं नाही.

यातला कोणता उपाय वापरायचा, हे तुम्हाला काय म्हणायचंय त्यावर ठरतं. ‘द रेन स्टॉप्ड, वी स्टार्टेड सोइंग’ हे वाक्य बघा. ‘सो’ घातलं तर पाऊस थांबला म्हणून पेरणी सुरू केली. ‘व्हेन’नं सुरुवात केली तर दोन्ही गोष्टी एका वेळी घडल्या एवढंच. ‘ऑल्दो’ घातलं तर पाऊस थांबला तरी आम्ही धाडस केलं. जिंतूर तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, या तीन गोष्टींत किती फरक आहे. मराठीत तो फरक आवाजावरून, संदर्भावरून कळतो. कागदावरची इंग्रजी तो शब्दात मागते.

चौथा उपाय अर्धविराम, आणि इथे मराठी माध्यमाच्या मुलांनी जपून राहायला हवं. शाळेत आपल्याला शिकवतात की दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययानं जोडली असतील तर अर्धविराम द्यायचा. उदाहरणार्थ, ‘एसटी वेळेवर आली; पण जागा मिळाली नाही.’ इंग्रजीत नेहमीची रीत बरोबर उलटी आहे. ‘बट’ असेल तर स्वल्पविराम. जोडशब्दच नसेल तर अर्धविराम : ‘द बस केम ऑन टाइम; देअर वॉज नो सीट.’ एकाच वर्गात, एकाच दिवशी, दोन तासांना दोन उलटे नियम शिकवले जातात आणि दोन्ही शिक्षक एकमेकांशी त्याबद्दल बोलत नाहीत. मुलानं गोंधळायचं नाही तर काय करायचं?

‘हाउएव्हर’चा सापळा

जरा बरं इंग्रजी लिहिणारेही इथे फसतात. ‘आय लेफ्ट अर्ली, हाउएव्हर आय रीच्ड लेट.’ आपल्या डोक्यात ‘हाउएव्हर’ म्हणजे ‘पण’, आणि ‘बट’ म्हणजेही ‘पण’. मग एक चालतं आणि दुसरं का नाही? कारण ‘हाउएव्हर’ जोडशब्द नाही, ते क्रियाविशेषण आहे. तपासायची युक्ती अशी : शब्द वाक्यात आत सरकवून बघा. ‘आय, हाउएव्हर, रीच्ड लेट’ चालतं. ‘आय, बट, रीच्ड लेट’ असं म्हणताच येत नाही. जो शब्द हलतो, तो दोन वाक्यं बांधून ठेवू शकत नाही. त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. ‘देअरफोर’, ‘देन’, ‘ऑल्सो’ यांचंही असंच.

नियम कळल्यावर काही जण प्रत्येक स्वल्पविरामाच्या मागे लागतात, तेही नको. ‘यू आर फ्रॉम जिंतूर, आरन्ट यू?’ यातला स्वल्पविराम अगदी बरोबर आहे.

पण हे एवढं महत्त्वाचं आहे का?

हा प्रश्न रास्त आहे. चार्ल्स डिकन्सच्या १८५९ सालच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’चं पहिलं लांबलचक वाक्य म्हणजे स्वल्पविरामांनी जोडलेल्या पूर्ण वाक्यांची रांगच आहे, आणि जग त्याचं कौतुक करतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं इंग्रजी जग असंच लिहितं. शिवाय अर्थ तर पोचतोच ना? पोचतो. परक्या भाषेच्या एका टिंबावरून माणसाची लायकी ठरवणं मला मुळीच पटत नाही. पण डिकन्सला चाकणला अर्ज करायचा नव्हता. माझ्या भावाला करायचाय.

आणि दारं एकाच ठिकाणी नाहीत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा सक्तीचा पेपर असतो. त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर मोजलेच जात नाहीत. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आणि त्यात मराठीसोबत इंग्रजीचाही पेपर आहे. आतापर्यंत बहुतेक पेपरांत गोल काळे करून भागत होतं, आता उत्तरं लिहायचीत. परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस देणाऱ्यांच्या लेखनाचा पाव भाग व्याकरणावर जोखला जातो, त्यात विरामचिन्हंही येतात.

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २०००मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. मी आणि माझा भाऊ त्याच निर्णयाची पोरं. तो निर्णय चांगलाच होता असं मला आजही वाटतं. दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकूनही आम्हाला ही एक गोष्ट कळली नाही, याचं कारण इंग्रजी आम्हाला मराठीपासून तोडून शिकवलं गेलं. ‘वर्गात मराठी बोलायचं नाही’ म्हणणाऱ्या सरांना कधी वाटलंच नाही की चूक मराठीतून येतेय, तर ती मराठीतूनच समजावता येईल. आठवीच्या वर्गात एका फळ्यावर ‘बस उशिरा आली, परीक्षा हुकली’ आणि शेजारी तेच इंग्रजीत लिहून दाखवलं तर काम एका तासाचं आहे.

सगळा अर्ज एआयला द्यायचा आणि येईल ते पाठवायचं, हाही रस्ता आहे. भावानं मागच्या वेळी तेच केलं होतं. अर्ज झकास झाला, मुलाखतीला बोलावलं, आणि त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारल्यावर तो गप्प बसला. म्हणून या वेळी त्यानं स्वतः लिहिलं होतं. मी त्याला फोन केला, बस आणि परीक्षेचं उदाहरण सांगितलं, आणि म्हटलं आता तूच दुरुस्त कर. दहा मिनिटांत उत्तर आलं :

‘आय अ‍ॅम फ्रॉम चारठाणा इन परभणी डिस्ट्रिक्ट. आय कम्प्लिटेड माय बी.एस्सी. इन २०२३, अँड आय नो टॅली अँड एक्सेल. आय कॅन जॉइन इमिजिएटली.’

मी काहीच बदललं नाही. सकाळी त्याचा आणखी एक मेसेज होता : ‘ताई, पाठवला, बघू काय होतं, आई विचारतेय तू गावाकडे कधी येतेस.’