ध्वजदिनाचं स्टिकर

गेटबाहेर / साप्ताहिक सदर

डिसेंबर लागला की शाळेत ध्वजदिनाची छोटी स्टिकरं येतात. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे, तिन्ही दलांचे. वर्गातल्या बाई पानंच्या पानं फाडून वाटतात, मुलं दहा-दहा रुपये आणतात आणि दप्तरावर चिकटवतात. आमच्या गल्लीतल्या नववीतल्या एका पोरानं गेल्या वेळी दोन घेतली. एक दप्तरावर गेलं. दुसरं त्यानं घरातल्या कॅलेंडरवर लावलं, जिथे वडिलांच्या सुट्टीच्या तारखांना लाल पेनानं गोल केलेले आहेत. वडील फौजेत, सध्या जम्मूकडे. बाईंना हे ठाऊकच नव्हतं. असणार कसं? प्रवेश अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे 'नोकरी' एवढंच लिहिलंय, आणि आमच्या या कारखान्यांच्या वस्तीत, बजाजनगरात, 'नोकरी' म्हणजे कंपनी.

पोरगं वीस रुपये देऊन मोकळं झालं. हा निधी तुझ्यासारख्यांसाठीच गोळा होतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याच्या आईलाही नाही.

१९४९ पासून ७ डिसेंबरला देशभर हा निधी जमतो. शहीद आणि जायबंदी जवानांची कुटुंबं, सेवेतले सैनिक, माजी सैनिक आणि त्यांची मुलंबाळं, सगळ्यांच्या कल्याणाचं नाव त्यावर आहे. आपल्याकडे मात्र त्याची चर्चा होते ती कुठल्या कार्यालयाला किती उद्दिष्ट दिलं आणि कुणी ते पूर्ण केलं, एवढीच. पैसा गोळा करायची यंत्रणा तलाठ्यापासून वर्गातल्या मॉनिटरपर्यंत पोचलेली आहे. पैसा परत द्यायची यंत्रणा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दारापर्यंत येऊन थांबते. तिथून बजाजनगरात यायला तिला रिक्षा मिळत नाही, असं दिसतं.

बजाजनगर ही काही छावणी नव्हे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागून ही वस्ती उभी राहिली. गंगापूर, पैठण, वैजापूर, आष्टी, पाटोदा, कुठून कुठून माणसं आली. कुणाचा दीर कंपनीत, कुणाचा भाऊ व्हेंडरकडे. त्यांच्या आधारानं फौजीची बायको दोन खोल्या भाड्यानं घेते, कारण गावात शाळा सातवीपर्यंत आणि नवऱ्याचं पोस्टिंग 'फिल्ड'ला, जिथे कुटुंब नेता येत नाही. मोहटादेवी चौकात भाजी घेणाऱ्या बायकांमध्ये फौजीची बायको कोणती, हे ओळखता येत नाही. छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहिली असती, तर शेजारणीकडून तिला सगळं आपोआप कळलं असतं. इथे शेजारीण पीएफ आणि बोनसचं सांगते.

आता मदत काय काय आहे, ते बघा. यादी बरीच मोठी आहे आणि मला तिचा रागही त्यामुळेच येतो. पंतप्रधान शिष्यवृत्ती २००६ पासून आहे: इंजिनिअरिंग, मेडिकल, बीएड अशा पदवीला गेलेल्या मुलीला महिन्याला ३ हजार, मुलाला अडीच हजार, अट बारावीला किमान ६० टक्क्यांची. हवालदार आणि त्याखालच्या पदावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षण अनुदान मिळतं. ते महिन्याला हजार होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासून दोन हजार झालं. दहावी-बारावीत चमकलेल्या माजी सैनिकांच्या मुलांना राज्याचा सैनिक कल्याण विभाग गौरव पुरस्कार देतो. शहरात सैनिकी मुलांचं वसतिगृह आहे. इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत ('कॅप') संरक्षण दलांच्या पाल्यांना ५ टक्के जागा आहेत. केंद्रीय विद्यालयात प्राधान्य आहे.

पण यादी नीट वाचली की लक्षात येतं, यातलं बरंचसं बाप घरी आल्यावरचं आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांना, सेवेतल्या जवानाच्या मुलाला नाही. शिक्षण अनुदानही माजी सैनिकांना. सतरा-अठरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत-बाहेर माणूस घरी येतो, तोवर थोरली मुलगी कॉलेजात गेलेली असते. बाप नसण्याची जी खरी वर्षं, पाचवी ते दहावीची, त्या वर्षांत पोराच्या नावानं काय आहे? शिक्षण भत्ता. मुलामागे महिन्याला २८१२ रुपये ५० पैसे, दोन मुलांपर्यंत. तोही वडिलांच्या युनिटमध्ये, वर्षातून एकदा, शाळेच्या दाखल्यावर. म्हणजे इथल्या मुख्याध्यापकांच्या सहीचा कागद जम्मूला गेला तर पैसे. शहिदांच्या मुलांची फी सरकार भरतं, १९७१ च्या युद्धानंतरचा तो निर्णय. २०१७ मध्ये त्यावर महिना दहा हजारांची मर्यादा घातली, देशभर ओरड झाली आणि २०१८ मध्ये ती काढावी लागली. शहिदाच्या मुलासाठी देश ओरडतो आणि ते बरोबरच आहे. जिवंत जवानाच्या मुलाला गणितात कमी मार्क पडले तर ओरडायला फक्त त्याची आई असते.

अन् आपल्याकडे मदत म्हणजे पैसे, यापुढे विचार जात नाही. अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी २००६ मध्ये फौजींच्या लहान मुलांसाठी खास चित्रफिती काढून फुकट वाटल्या. त्यात एल्मो या बाहुल्याचा बाबा खूप दिवसांसाठी दूर जातो. आपण त्यांची नक्कल करावी, असं मी म्हणत नाही. पण रात्री नऊला व्हिडिओ कॉल लागतो, 'जेवलास का' विचारेपर्यंत नेटवर्क जातं, आणि मग दहावीतली मुलगी अर्धा तास पुस्तक उघडं ठेवून बसते, तेव्हा तिच्याशी कोण बोलणार, याचा एकही अर्ज आपल्याकडे नाही.

इंग्लंडची गोष्ट मला जास्त कामाची वाटते. तिथे २०११ पासून सैनिकांच्या प्रत्येक मुलामागे सरकार शाळेला दरवर्षी ठरावीक रक्कम देतं, पालकांना नाही. ती हवी असेल तर शाळेला दरवर्षीच्या गणनेत नोंद करावी लागते की या मुलाचे आई किंवा वडील फौजेत आहेत. मला त्या पैशापेक्षा ती नोंद महत्त्वाची वाटते. शाळेला विचारावं लागतं! एकदा विचारलं की मग बाईंना माहीत असतं, या पोराचं चित्त आज का ठिकाणावर नाही. आपल्या अर्जावर जात, धर्म, मातृभाषा, आधार, बँक खातं सगळं भरून घेतात. आणखी एका चौकोनाला किती शाई लागते?

मदतीच्या यादीतलं हे सगळं मला कुठल्या सरकारी पत्रकातून कळलेलं नाही. वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवरच्या केबिनमध्ये कळलं. या औद्योगिक वसाहतीत गेटवर उभे असलेले कितीतरी लोक माजी सैनिक आहेत, आणि ही त्यांची पहिली नोकरी नाही, हे गेटमधून आत जाणाऱ्याच्या मनातही येत नाही. यातले एक हवालदार साहेब माझ्या ओळखीचे. त्यांच्या टेबलावर व्हिजिटर रजिस्टर, सुतळीनं बांधलेलं पेन, स्टीलचा डबा, आणि ड्रॉवरमध्ये एक निळी प्लॅस्टिकची फाइल. फाइलमध्ये अर्जांच्या झेरॉक्स. शिफ्ट सुटायच्या वेळी कुणी ना कुणी तिथे थांबलेलं असतं. सुरक्षा रक्षकच असतात बहुतेक, कधी त्यांच्या मुली. 'सैनिक कल्याणची सही आधी घे, मग कॉलेजचा बोनाफाईड, मग बँकेचं,' असं ते सांगतात. क्रम चुकला की फेरी वाढते, फेरी वाढली की रजा जाते आणि रजा गेली की एजन्सीवाला पगार कापतो. ती साखळी त्यांना पाठ आहे, कारण त्यांच्याच मुलीच्या शिष्यवृत्तीचं पहिलं वर्ष मुदत हुकल्यानं गेलं.

म्हणजे माहिती बजाजनगरात आहेच. ती गेटवर बसलेली आहे आणि जिला हवी ती बाई दोन गल्ल्या पलीकडे कपडे वाळत घालतेय. मधली दोन गल्ल्यांची वाट कुणी चालत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सैनिक कल्याण कार्यालयानं जून ते सप्टेंबर महिन्यातून एक रविवार इथे बसावं. इमारत नको, एखाद्या शाळेचा वर्ग पुरे. या हवालदार साहेबांसारख्या चौघांना मानधन द्यावं. इथल्या कंपन्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून झाडं लावतात आणि फलकही लावतात. त्यातल्या एकीनं संध्याकाळच्या अभ्यासिकेचा आणि गणिताच्या एका सरांचा खर्च उचलला, तर फलक तिथेही लावता येईल, माझी हरकत नाही.

आणखी एक सांगतो. फौजीच्या पोराचं भलं म्हणजे त्यालाही फौजेत घालणं, अशी एक समजूत आहे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, आणि सैन्यदलांत अधिकारी होण्याची तयारी करून घेणारी १९७७ ची 'एसपीआय' तर आपल्याच शहरात. दोन्ही उत्तम, जायचं त्यानं जरूर जावं. आमच्या गल्लीतल्या पोराला मात्र टूल अँड डायचा डिप्लोमा करायचाय. काका टूलरूममध्ये आहेत, त्यानं ती यंत्रं पाहिलीत.

त्याच्या आईला मी गेल्या रविवारी केबिनवर घेऊन गेलो. ती पदर सावरून बाहेरच उभी. 'या ताई, बसा,' म्हणत हवालदार साहेबांनी स्वतःची खुर्ची दिली आणि पहिला प्रश्न केला, 'पोरांची नावं पार्ट टू ऑर्डरला पडलीत ना?' तिला ते काय असतं, माहीत नव्हतं. मुलाचा जन्म, नाव, जन्मतारीख यांची फौजेच्या दफ्तरी होणारी नोंद म्हणजे पार्ट टू. ती नसेल किंवा चुकलेली असेल, तर भत्त्यापासून प्रवेशापर्यंत सगळं अडतं. तिनं मोबाईलमध्ये नवऱ्यानं पाठवलेला एक फोटो शोधून दाखवला. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला, मग शाळेच्या दाखल्याशेजारी धरला. पोराच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दाखल्यावर एक 'ए' जास्त होता.

'आत्ताच सापडलं ते बरं,' ते म्हणाले. 'दहावीचा फॉर्म भरायच्या आत शाळेतलं दुरुस्त करून घ्या. यांना फोनवर सांगू नका, तिकडे जीव टांगणीला लागतो. सुट्टीवर कधी येतात?'

ती म्हणाली, 'गोल तर पंधरा तारखेला केलाय त्यानं.'

— वाळूजकर