हरभऱ्यावरची आंब जपा

पौषातल्या पहाटे हरभऱ्याच्या वावरात शिरा आणि एक कोवळा शेंडा खुडून चावा. न धुता. जिभेला जो आंबट झटका बसेल, त्याचं नाव आंब. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून पाझरणारा हा रस. जुनी माणसं पहाटे पिकावर पातळ फडकं अंथरून दवासकट आंब टिपून घेत, पिळून बाटलीत भरून ठेवत. पोट दुखलं, की तेच औषध. आयुर्वेदात तिला चणकाम्ल म्हणतात.

आता तुमच्या घरातल्या पोरांना विचारा, आंब म्हणजे काय? आंबा म्हणतील!

त्यात त्यांची फारशी चूक नाही म्हणा. संस्कृत 'आम्र' आणि 'अम्ल' हे शब्द वेगळे, पण प्राकृतात दोघांचंही 'अंब' झालं. ताम्राचं तांबं होताना 'ब' घुसला, तसाच इथेही. एका वाटेनं आंबा आला, दुसरीनं आंब, आंबट, आंबूस, आंबील आणि इडलीचं पीठ आंबणं. चिंच खाऊन दात आंबतात, दिवसभर काम करून अंग आंबतं. एवढा मोठा गोतावळा, आणि त्यातली मूळ दोन अक्षरंच हरवत चालली आहेत. शाळेत 'आम्ल' शिकवतात, दवाखान्यात 'ॲसिडिटी' होते. आंब कुठेच नाही.

कृषी पत्रिका लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: 'मॅलिक आम्ल', 'ऑक्झॅलिक आम्ल' जरूर लिहा, पण शेजारी 'आंब' लिहा. आंबेतल्या ऑक्झॅलिक आम्लानं घाटेअळीची वाढ खुंटते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. ते शेतकऱ्याला त्याच्याच शब्दात सांगितलं तर काय बिघडेल? शिक्षकांनो, आम्ल-आम्लारीच्या धड्याला लिटमस कागद घेऊन मुलांना बांधावर न्या. आणि घरोघरच्या मंडळींनो, हरभऱ्याची भाजी किंवा घोळाणा करताना पानं खळखळून धुऊ नका. आंब गेली तर उरतो नुसता पाला. (फवारलेल्या रानातली भाजी असेल तर मात्र धुवाच. औषध टिपायला जाऊन विष नको.)

आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून घ्या: तुमच्या गावी आंब कशी काढत, कशात साठवत, कुणाला किती देत. वहीत तारीख घालून लिहा. यंदाचा हरभरा अजून घाट्यावर यायचा आहे.