एकतिसावी चाल नाही, चोविसावी बघा!

मागच्या व्हिडिओत मी बुद्धिबळाचा पट घेऊन बसलो, तर काही जण म्हणाले, सर, धंद्याचं बोला. धंद्याचंच बोलतोय.

नांदेडला एका स्पर्धेत मी खेळलो होतो. दोघंही हौशी, प्रत्येकी 90 मिनिटं. चोविसाव्या चालीपर्यंत मी एक हत्ती वर होतो. मग काय, डाव आपलाच! पटापट चाली सुरू. एकतिसाव्या चालीला समोरच्याच्या घोड्यानं राजाला शह दिला आणि त्याच उडीत वजीरही धरला. संपलं. घड्याळात माझी 52 मिनिटं तशीच शिल्लक.

घरी येऊन चालींचा कागद काढला. घोडा ज्या घरात आला, ते घर माझं एक प्यादं राखून होतं आणि चोविसाव्या चालीला मीच ते पुढे ढकललं होतं. समोरच्याचा घोडा कुठे जाईल हे बघितलंच नाही. म्हणजे चूक सात चाली आधीची. कागद नसता तर मी आजही त्या घोड्यालाच शिव्या दिल्या असत्या.

नागपूरच्या दिव्या देशमुखनं 28 जुलै 2025 ला बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. ते डाव चालीचाली मोबाईलवर बघता येतात. मोठ्या वेळेच्या डावात तर चाल लिहिणं नियमच आहे, हौशी असो की ग्रँडमास्टर. धंद्यात असा नियम कुणी लावत नाही, आणि माझ्या मते आपल्या आखाडा बाळापुरातल्या नव्या दुकानदाराचं खरं नुकसान तिथंच होतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही वही ठेवतो. ठेवता हो. पण वही पैसा सांगते, चाल सांगत नाही. उधारी का वाढवली, दुसरा गाळा का घेतला, तेव्हा समोरचा दुकानदार काय करत होता, हे त्यात कुठंय?

माझंच घ्या. हळद पावडरची पहिली मोठी ऑर्डर आली आणि मी लगेच दुसरी चक्की घेतली, कर्ज काढून. दीड वर्षात विकावी लागली. ऑर्डर थांबली म्हणून बुडालो, असं सगळ्यांना सांगत फिरलो. ती घेताना डोक्यात काय हिशेब होता, तो कुठंच लिहिलेला नाही. म्हणून माझी चोविसावी चाल कोणती, ते मला आजही सापडत नाही.