खुरपे आणि कंबर

शेतात साप चावला किंवा मळणी यंत्रात हात सापडला, तर सारा गाव धावून येतो. परंतु वर्षानुवर्षे खुरपण करून जिची कंबर कायमची धरली, तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. ‘वय झाले’ म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या मते हे दुखणे पुष्कळदा वयाचे नसून कामाच्या पद्धतीचे असते, आणि पद्धत बदलता येते.

कॅलिफोर्नियातील भाजीमळ्यांत मजुरांना आखूड दांड्याची कुदळ देत. दिवसभर वाकल्याशिवाय ती चालत नसे. लांब दांड्याने पिकाची नासाडी होईल, असे मालक म्हणत. पाठीच्या कण्याची कायमची हानी होते, अशी साक्ष डॉक्टरांनी दिली. मजुरांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९७५ साली ती कुदळ बंद झाली. भाजीमळे मात्र बंद पडले नाहीत.

आपल्या शेतातील धोका ओळखण्यास तीन प्रश्न पुरेत. कंबर किंवा गुडघे सलग किती वेळ वाकलेले असतात? ओझे किती आणि ते कोठून उचलावे लागते? एकच हालचाल दिवसभर होते काय? खुरपण, भातलावणी, ऊसतोड, खताचे ५० किलोचे पोते, सर्व या कसोटीवर पाहावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा सुचविली. स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी, असेही सांगितले.

उपाय महागडे नाहीत. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे उभ्याने चालते. पोते दोघांनी धरावे, गुडघे वाकवून उचलावे, उचलताना कंबर पिळू नये. एकाच बाईला दिवसभर एकच काम देऊ नये. कळ पायात उतरली किंवा मुंग्या येऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावे. पायातील शक्ती गेली किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

आता एक स्पष्ट बोलतो. फवारणीचे नवे यंत्र घेताना आपण फार हिशेब करीत नाही, कारण ते बहुधा पुरुषाच्या पाठीवर असते. खुरपे बाईच्या हाती, म्हणून ते आजीच्या काळापासून तसेच राहिले. १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफाचा सण पाळतो. श्रमाला पवित्र म्हणायचे आणि श्रम करणारीची पाठ मोडू द्यायची, हे आम्हांस पटत नाही. चार घरांनी मिळून एक कोळपे घ्यावे. रोजाने येणाऱ्या बायांनाही तेच द्यावे. त्यांची पाठही देवानेच घडविली आहे.